एक पट्टा निखळला होता : लंडनच्या बिअरपुराचा घटनाक्रम

लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोड आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर आज डॉमिनियन थिएटर आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे हॉर्स शू नावाची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) होती. १७ ऑक्टोबर १८१४ च्या संध्याकाळी या ब्रुअरीतलं एक पिंप फुटलं आणि आठ माणसं मेली. आठही जण बायका आणि मुलं. ही हकिगत हल्ली ‘बिअरचा पूर’ म्हणून हसत-खिदळत सांगतात. हसण्यासारखं तिच्यात काहीही नाही. पिंप फुटण्याआधी तासभर इशारा मिळाला होता. एका माणसाने तो डोळ्यांनी पाहिला, वरिष्ठाला सांगितला, कागदावर लिहूनही काढला. तो तास नीट उलगडून पाहायला हवा.

एक पिढी आधी

त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत बिअर ही घरी करायची वस्तू होती. विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८२१ पासून ‘कॉटेज इकॉनॉमी’ नावाचं पुस्तक भागाभागाने छापलं. मजुराने थोडक्या पैशांत संसार कसा चालवावा, हा त्याचा विषय आणि त्यातला पहिला धडा बिअरचा. भांडी कोणती लागतात, माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) किती घ्यायचं, पाणी किती गरम हवं, हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची, सगळं नवशिक्याला कळेल अशा भाषेत. वर्षभराच्या चहापेक्षा वर्षभराची घरची बिअर स्वस्त पडते, असा हिशेबही त्याने मांडला. चाळीसेक वर्षांपूर्वी मजुरांच्या घरोघरी बिअर होत असे, आता कोणी करत नाही, तिची जागा चहाने बळकावली, ही त्याची तक्रार. दोष त्याने माल्टवरच्या कराला आणि घसरलेल्या मजुरीला दिला. घरापुरती बिअर करणाऱ्याला बिअरवरचा कर माफ होता, पण माल्टवरचा कर कोणालाच चुकत नव्हता आणि नेपोलियनशी चाललेल्या युद्धात तो फार चढला होता.

कॉबेट खेड्यातल्या मजुराबद्दल लिहीत होता. लंडनच्या गरिबाला तर हा रस्ता पुरताच बंद. बिअर करायची म्हणजे मोठं तांब्याचं भांडं हवं, दोन-तीन पिपं हवीत, तासन्‌तास चालेल इतकं जळण हवं आणि हे सगळं मांडायला जागा हवी. एका खोलीत किंवा तळघरात आख्खं कुटुंब राहतं, तिथे हे कुठून येणार? मग बिअर विकत घ्यायची, मगाने. ती विकत मिळावी म्हणून ब्रुअऱ्या वाढल्या आणि ब्रुअऱ्यांबरोबर त्यांची पिंपं.

लंडनची बिअर म्हणजे पोर्टर. काळपट, कडवट, ओझी वाहणाऱ्या हमालांची आवडती. ती करून लगेच विकत नसत, महिनोन्‌महिने मुरवत. उत्तम प्रतीची वर्षभरसुद्धा. मुरवायला साठवण लागते आणि लहान पिपांपेक्षा एक अवाढव्य पिंप स्वस्त पडतं, कारण बिअर जितकी वाढते त्या मानाने लाकूड कमी लागतं. त्यातून ब्रुअऱ्यांत चढाओढ लागली. रिचर्ड म्यू याने १७९५ मध्ये आपल्या ग्रिफिन ब्रुअरीत २०,००० बॅरलचं पिंप उभं केलं. नवं पिंप बांधून झालं की पाहुण्यांना त्याच्या पोटात बसवून मेजवानी दिल्याच्या नोंदी आहेत. रिचर्डचा मुलगा हेन्री याने १८०९ मध्ये हॉर्स शू विकत घेतली. दोनेक वर्षांत तिथे वर्षाला लाखभर बॅरल पोर्टर तयार होऊ लागली.

दहा महिने आधी

१८१३ चा डिसेंबर. फुटलेल्या पिंपातली पोर्टर दहा महिने जुनी होती, म्हणजे ती याच सुमाराची. पुढच्या फेब्रुवारीत थेम्स नदी गोठली आणि बर्फावर जत्रा भरली. एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली. या सगळ्या काळात ती बिअर अंधारात मुरत पडली होती.

पिंपाची उंची २२ फूट. त्यात ३,५५५ बॅरल पोर्टर, काठाला फक्त चार इंच कमी. आजच्या मापाने पावणेसहा लाख लिटरच्या वर. उभ्या लाकडी फळ्या एकमेकींना भिडवून असं पिंप करतात आणि बाहेरून लोखंडी पट्टे ठोकून त्या फळ्या आवळून धरतात. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात, त्यातलाच हा प्रकार. फळ्या नुसत्या उभ्या असतात. सगळा जोर पट्टे सोसतात.

किती जोर? द्रवाचा दाब उंचीबरोबर वाढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पट्ट्यावरची ओढ मात्र दाब आणि पिंपाची रुंदी या दोन्हींच्या गुणाकाराने वाढते, हे सहसा ध्यानात राहत नाही. वरच्या आकड्यांवरून हिशेब मांडला तर या पिंपाचा व्यास दहा मीटरच्या आसपास येतो आणि तळाजवळच्या दर मीटर उंचीला पट्ट्यांवर तीस टनांहून जास्त ओढ पडते. घरी बिअर करणाऱ्याच्या बादलीत हीच ओढ शेकडो पटींनी कमी असते. बादली फुटली तर फरशी पुसावी लागते. पिंप मोठं करताना लाकडाची बचत पैशांत मोजली गेली. या ओढीचा हिशेब झाला असता, तर पहिला पट्टा सुटला त्याच दिवशी पिंप रिकामं करायला घेतलं असतं.

सोमवार, १७ ऑक्टोबर, दुपारी साडेचार. उरला वेळ : एक तास

कोठाराचा कारकून जॉर्ज क्रिक याला दिसलं, की या पिंपाचा एक लोखंडी पट्टा निसटला आहे. पट्ट्याचं वजन ७०० पौंड, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या घरात. एवढं लोखंड जागा सोडतं, ही काही बारीकसारीक बाब नाही.

क्रिक घाबरला नाही. असे पट्टे वर्षातून दोन-तीनदा सुटायचे, आजवर काही बिघडलं नव्हतं. तरीही त्याने वरिष्ठाला सांगितलं. यातून काहीही अपाय होणार नाही, असं उत्तर मिळालं. यंग नावाच्या भागीदाराला चिठ्ठी लिही, तो सवडीने दुरुस्त करून घेईल, असंही सांगण्यात आलं. क्रिकने चिठ्ठी लिहिली.

क्रिकला मी दोष देत नाही. कारकुनाच्या हातात जे होतं ते त्याने केलं. दोष आहे तो ‘आजवर काही झालं नाही’ या वाक्याचा आणि त्यावर कारखाना चालवणाऱ्यांचा. एक पट्टा सुटला म्हणजे त्याचा भार वरच्या-खालच्या पट्ट्यांवर जातो. ते सोसतात, म्हणून पिंप उभं राहतं. पण प्रत्येक वेळी ते उभं राहिलं याचा अर्थ इतकाच, की त्या-त्या वेळी शेजारच्या पट्ट्यांत ताकद शिल्लक होती. किती शिल्लक आहे, हे कोणी मोजलेलं नव्हतं. धोक्याची खूण वारंवार दिसत राहिली आणि तीच निर्धोकपणाचा पुरावा मानली गेली.

करण्यासारखं काही होतं का? होतं. बिअरची पातळी अर्ध्यावर उतरवली असती तर तळाचा दाब अर्धा झाला असता. ते एका तासात पुरं झालं नसतं, पण उतरलेला प्रत्येक फूट कामी आला असता. आणि त्याहून सोपं, फुकटातलं काम म्हणजे कोणीतरी मागच्या गल्लीत जाऊन, तळघरातून बाहेर या, एवढं सांगणं. त्या गल्लीची आठवण त्या तासात कोणाला झाल्याचं नोंदींत कुठेही दिसत नाही.

पाच वाजता. उरला वेळ : अर्धा तास

ब्रुअरीच्या मागे २५ फूट उंच, अडीच विटा जाडीची भिंत. भिंतीपलीकडे न्यू स्ट्रीट नावाची बंद गल्ली आणि सेंट जाइल्सची वस्ती. लंडनमधली ही सगळ्यांत बदनाम वस्ती. चित्रकार होगार्थच्या ‘जिन लेन’ या १७५१ च्या प्रसिद्ध चित्रातला परिसर हाच. पडायला आलेली घरं, खोलीत दोन-दोन कुटुंबं, तळघरांतही माणसं. बरीचशी आयर्लंडहून पोटासाठी आलेली. जमीन सखल आणि सपाट, सांडपाणी वाहून जायची सोय नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात लंडनमध्ये पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. कामावर गेलेले पुरुष अजून परतायचे होते.

एका घरात बॅमफील्ड बाई चहा घ्यायला बसली होती. बरोबर तिची चार वर्षांची हॅना आणि आणखी एक मूल. कॉबेट ज्या चहावर पुढे इतका संतापला, तोच हा चहा. संध्याकाळी मुलांना पोटात काहीतरी गरम द्यायचं, तर एवढंच परवडत होतं. शेजारच्या घराच्या तळघरात एका आयरिश कुटुंबात दोन वर्षांचा मुलगा गेला होता. त्याच्या पार्थिवाजवळ जागरणासाठी आई अ‍ॅन सॅव्हिल आणि शेजारणी जमल्या होत्या. मेरी मल्वी तिच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. एलिझाबेथ स्मिथ होती, कॅथरिन बटलर होती. ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या टॅव्हिस्टॉक आर्म्स या पबच्या मागच्या आवारात, ब्रुअरीच्या भिंतीला लागूनच, एलेनॉर कूपर नावाची चौदा वर्षांची मोलकरीण भांडी घासत होती.

साडेपाच

क्रिक पिंपापासून तीसेक फुटांवर एका चौथऱ्यावर उभा होता. यंगसाठी लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातातच होती. कसलीही चाहूल न देता पिंप फुटलं.

फुटलेल्या पिंपाच्या लोंढ्याने शेजारच्या पिंपाची तोटी उखडली, तेही वाहू लागलं. आसपासची मोठमोठी पिपं चिरडली गेली. एकूण किती बिअर सुटली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. कमीत कमी ५ लाख ८० हजार लिटर, जास्तीत जास्त पावणेपंधरा लाख. मागची भिंत कोसळली. तिच्यातल्या काही विटा ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या घरांच्या छपरांवर जाऊन पडल्या.

पंधरा फूट उंचीची लाट न्यू स्ट्रीटमध्ये घुसली. दोन घरं जमीनदोस्त झाली, दोन खिळखिळी. बॅमफील्ड बाई आणि तिच्याजवळचं दुसरं मूल लोंढ्याबरोबर रस्त्यावर फेकलं गेलं, ती दोघं वाचली. हॅना गेली. जागरणाच्या तळघरात लोंढा शिरला आणि पाच जण मेले: अ‍ॅन सॅव्हिल, मेरी मल्वी, तिचा मुलगा, एलिझाबेथ स्मिथ, कॅथरिन बटलर. एलेनॉर भिंतीच्या ढिगाऱ्याखाली सापडली. सेरा बेट्स नावाची एक लहानगी गल्लीतल्या दुसऱ्या एका घरात मृतावस्थेत मिळाली. इतर तळघरांत बिअर भरत गेली तशी माणसं टेबलांवर, पलंगांवर चढून जीव वाचवत होती.

ब्रुअरीत एकही कामगार मेला नाही. तिघांना ढिगाऱ्यातून बाहेर काढावं लागलं, मुकादम आणि आणखी काही जखमींना मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये नेलं. भिंतीच्या अलीकडे पगारी माणसं होती, ती वाचली. मेले ते ज्यांचा या धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता ते.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस

या हकिगतीला नंतर एक शेपूट चिकटलं. लोक भांडी घेऊन धावले, ओंजळीने बिअर प्यायले, गल्लीभर दारूडे लोळत पडले, अति पिऊन एक जण दगावला, वगैरे. आजही बहुतेक ठिकाणी हे असंच वाचायला मिळतं. बिअरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्टिन कॉर्नेल यांनी त्या काळची वर्तमानपत्रं तपासली. त्यांत ना दंगल आहे, ना दारूडे, ना तो नववा मृत्यू. जमलेले लोक नीट वागत होते, असंच तेव्हाच्या बातमीदारांनी लिहिलं आहे. आणि त्या काळची लंडनची वर्तमानपत्रं आयरिश गरिबांना सांभाळून घेणारी अजिबात नव्हती. तसं काही घडलं असतं तर त्यांनी ते चवीने छापलं असतं. शेजाऱ्यांची मुलं ढिगाऱ्याखाली अडकलेली असताना ही माणसं फुकटची बिअर पीत बसली, असा हा आरोप आहे. तो करणाऱ्यांनी पुरावा कधीच दिला नाही. ही गोष्ट पुन्हा सांगणाऱ्याने निदान एवढा भाग गाळायला हवा.

पुराव्याने सिद्ध आहे ते वेगळंच. फुटलेली पिंपं पाहायला शेकडो लोक आले आणि ब्रुअरीच्या पहारेकऱ्यांनी त्यांच्याकडून पैसे घेतले. तळघरात जागरणाला बसून मेलेल्यांसाठी बेनब्रिज स्ट्रीटवरच्या ‘द शिप’ या पबमध्ये पुन्हा जागरण झालं. इतरांचे मृतदेह घरच्यांनी जवळच्या एका आवारात ठेवले. येणारेजाणारे दर्शन घेत, अंत्यविधीसाठी पैसे ठेवून जात.

१९ ऑक्टोबर

सेंट जाइल्सच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये अपमृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, कॉरोनर जॉर्ज हॉजसन यांच्यापुढे चौकशी झाली. क्रिकची साक्ष झाली. पट्टे असे अधूनमधून सुटायचेच, आधी कधी काही झालं नव्हतं, हे त्याने तिथेही सांगितलं. साडेचारला जे उत्तर मिळालं होतं, तेच दोन दिवसांनी ज्यूरीपुढे बचाव म्हणून उभं राहिलं आणि मान्य झालं. आठ जणांचा मृत्यू अपघाताने व दुर्दैवाने झाला, असा निर्णय आला. ब्रुअरीवर जबाबदारी आली नाही, म्हणून तिला भरपाईही द्यावी लागली नाही.

त्यानंतर

ब्रुअरीचं नुकसान सुमारे २३,००० पौंड झालं. सांडलेल्या बिअरवरचा कर आधीच भरलेला होता. तो परत मिळावा म्हणून मालकांनी पार्लमेंटकडे अर्ज केला आणि सुमारे ७,२५० पौंड परत मिळाले. ब्रुअरी दिवाळखोरीतून वाचली, पुन्हा सुरू झाली आणि १९२१ पर्यंत त्याच कोपऱ्यावर चालली. न्यू स्ट्रीटच्या कुटुंबांना मिळाली ती लोकांनी गोळा केलेली वर्गणी. प्रचंड लाकडी पिंपं हळूहळू मागे पडली, आतून अस्तर दिलेल्या काँक्रीटच्या टाक्या आल्या.

घरच्या बिअरचं काय झालं? १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला, पण घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यायला लावला. तो परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून ब्रिटनमध्ये कोणीही घरापुरती बिअर करू शकतो. कॉबेटची तांब्याची भांडी जाऊन तिथे २३ लिटरची प्लॅस्टिकची झाकणवाली बादली, माल्टच्या पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी आली आहे. भारतात ही सूट नाही असं धरूनच चाला. महाराष्ट्रात तरी परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणी थोडक्या खर्चात हा नाद सुरू करत असेल, तर त्याला दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. बादलीपासून धोका नाही, कारण तिच्यातला वायू निघून जातो. धोका बंद बाटलीत आहे. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरचा आकडा लागोपाठ तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. घनता १.०२० असताना घाईने भरलेली बिअर बाटलीत १.०१२ पर्यंत उतरली, तर आतला वायू नेहमीच्या अडीच पटींवर जातो आणि साधी काच तो सोसत नाही. दुसरी गोष्ट : एखादी बाटली उघडताच कारंज्यासारखी उसळली, तर ती एकटीच तशी आहे असं समजू नका. निखळलेला पट्टा समजा. त्या खेपेच्या सगळ्या बाटल्यांवर जाड कापड टाका, त्या थंड करा, चष्मा आणि जाड हातमोजे घालून एकेक उघडा. त्याच दिवशी. घरातल्या मुलांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवा.